रॅझलला व्हिन्स नीलच्या गोष्टीतून बाहेर काढा

प्रति,
पॉडकास्टमधून, यूट्यूबवरून आणि दिवाळी अंकांतून पाश्चात्त्य रॉकच्या गोष्टी सांगणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

८ डिसेंबर ही तारीख तुम्हा लोकांना बरी सापडली आहे. १९८० मध्ये त्या दिवशी न्यूयॉर्कला जॉन लेननवर गोळ्या झाडल्या गेल्या. २००४ मध्ये त्याच दिवशी ओहायोत, मंचावर गिटार वाजवत असताना डाइमबॅग डॅरेलला मारलं. मधल्या १९८४ साठी तुमच्याकडे त्या दिवशी गाडीच्या अपघातात गेलेला ड्रमर रॅझल असतो. लेननला तुम्ही भरपूर वेळ देता, डाइमबॅगलाही देता. रॅझलच्या वाट्याची मिनिटं मात्र ती गाडी चालवणारा व्हिन्स नील खाऊन जातो.

गोष्ट ठरलेली असते. मॉट्ली क्रू या अमेरिकन बँडचा गायक नील, रेडोंडो बीचवरचं त्याचं घर, रंगात आलेली पार्टी, संपलेली दारू, ती आणायला बाहेर काढलेली महागडी गाडी, समोरून येणारं वाहन. शेजारच्या सीटवर ‘फिनलंडच्या हानोई रॉक्स नावाच्या बँडचा ड्रमर’. तो जागीच संपल्यात जमा. तिथून पुढे नीलला काय वाटलं, नील तुरुंगात कसा राहिला, मॉट्ली क्रू त्यातून कशी सावरली, हेच चालू राहतं. फिनलंडचा बँड एका वाक्यात आला आणि एका वाक्यात गेला.

त्या बँडने त्याच वर्षी ‘टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह’ नावाचा अल्बम काढला होता. ऐंशीच्या दशकातल्या ग्लॅम मेटलवर, म्हणजे रंगवलेल्या चेहऱ्यांच्या आणि फुगवलेल्या केसांच्या त्या रॉकवर, तासभर बोलायचं आणि या अल्बमचं नावही घ्यायचं नाही, हे मला पटत नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्यातले काही लगेच म्हणतील की हानोई रॉक्स हा मुळात मेटल बँडच नव्हे. असेल. त्यांची मुळं न्यूयॉर्क डॉल्स, स्टूजेस, ॲलिस कूपर, मॉट द हूपल यांच्यात आणि पंकमध्ये होती. त्यांचा गायक मध्येच सॅक्सोफोन उचलायचा, माऊथ ऑर्गन वाजवायचा, आणि हे उद्योग मेटलवाल्यांच्यात बसत नाहीत. पण १९८४ चा हा अल्बम ऐकलात तर गिटारचं वजन, ड्रमचा मोठा आवाज आणि सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळी त्या काळच्या लॉस एंजेलिसशी थेट नातं सांगतात. खोक्यावरच्या चिठ्ठीचा वाद मला त्यापुढे न्यायचा नाही.

हेलसिंकीत १९७९ मध्ये गायक मायकेल मन्रो आणि गिटारवादक अँडी मॅकॉय यांनी हा बँड उभा केला. पुढे स्टॉकहोमला गेल्यावर यातल्या काहींना राहायला घर नव्हतं, रस्त्यावर दिवस काढले. पसरवलेले केस, ओठांना लाली, गळ्यात ओढण्या, असं रूप घेऊन मन्रो तिथे हिंडत होता, तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावरचे बरेचसे पुढचे तारे अजून आपापल्या गावात होते. पहिला अल्बम १९८१ मध्ये आला, ‘ओरिएंटल बीट’ १९८२ मध्ये. दुसरा गिटारवादक नॅस्टी सुइसाइड आणि बेसवर सामी याफा. तेव्हाचा ड्रमर जिप कॅसिनो व्यसनापायी कोसळत चालला होता. लंडनमध्ये एक इंग्रज पोरगा कार्यक्रम बघायला आला आणि आत जाऊन म्हणाला की तुमचा ड्रमर मीच व्हायला हवा. तोच निकोलस डिंगली, म्हणजे रॅझल. १९८२ मध्ये तो खरोखरच त्यांचा ड्रमर झाला.

यानंतर ‘बॅक टु मिस्टरी सिटी’ आला, १९८३ मध्ये. त्याचे निर्माते मॉट द हूपलचेच दोघे, डेल ग्रिफिन आणि ओव्हरएंड वॉट्स. चांगला अल्बम आहे, पण हात थोडा सैल पडला आहे. जपानमध्ये पोरी वेड्या झाल्या होत्या, लंडनमधला मार्की क्लब भरत होता, पण अमेरिकेत यांना कुणी ओळखत नव्हतं. सीबीएससारख्या मोठ्या कंपनीने करार केला आणि निर्माता म्हणून बॉब एझरिन दिला.

एझरिन कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ॲलिस कूपरचे गाजलेले अल्बम, लू रीडचा ‘बर्लिन’, किसचा ‘डिस्ट्रॉयर’, पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’. बेशिस्त पण जातिवंत फडाला एखादा कडक मास्तर मिळावा, तसं इथे झालं. गाण्यांचे सांधे घट्ट बसवले, आवाजांचे थर दिले, कोरस मोठे केले. काही गाण्यांच्या शब्दांना मॉट द हूपलच्या इयन हंटरचाही हात लागला. जुने पंकवाले चाहते आजही कुरकुरतात की एझरिनने यांना जास्तच पॉलिश केलं. मला ती तक्रार कळते, पण मान्य नाही. या पोरांकडे चाली पहिल्यापासून होत्या. त्या ऐकू याव्यात अशी सोय पहिल्यांदा एझरिनने केली.

सुरुवात दुसऱ्याच्या गाण्याने होते, ‘अप अराउंड द बेंड’. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं, जॉन फोगर्टीने लिहिलेलं १९७० चं गाणं. तोच वरच्या पट्टीतला, कानात वाजत राहणारा गिटारचा रिफ, पण इथे तो अधिक खरखरीत आणि अधिक उतावळा आहे. फोगर्टीचा आवाज शेतावरून हाक मारल्यासारखा येतो, मन्रो मात्र आधीच निम्म्या रस्त्यात आहे आणि मागे वळून ‘चला लवकर’ म्हणतोय. मूळ गाण्याहून बरं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारी ताठ उभं राहतं. आणि हो, गाण्याच्या नावातलं ‘वळण’ आणि मग गाडीचा अपघात, असा धागा जोडायचा मोह तुमच्यातल्या कुणालाही पडेल. कृपा करून तो आवरा.

इथेच रॅझल ऐका. तो काही कसरतपटू ड्रमर नव्हता. मोठमोठे रोल, दोन दोन बेस ड्रम, मंचावर उलटं टांगून घेऊन वाजवणं, हे सगळं दुसऱ्यांचं. रॅझल स्नेअरवर असा घाव घालतो की ठेका किंचित पुढे कलतो, आणि आख्खा बँड त्या कलाने पुढे सरकतो. पहिल्या बाजूवरचं ‘हायस्कूल’ किंवा दुसऱ्या बाजूवरचं शेवटचं ‘कटिंग कॉर्नर्स’ लावा आणि फक्त ड्रमवर कान ठेवा. मॅकॉय आणि सुइसाइडच्या गिटार कडेकडेने हवं ते करत असतात, कधी एकमेकांच्या पायात पाय घालतात, पण खालचा ठेका कुठे ढिला पडत नाही. या बँडला सैल राहण्याची चैन परवडली, कारण एक माणूस सैल राहत नव्हता. हानोई रॉक्सच्या आधीच्या आणि या ध्वनिमुद्रणांत जो फरक कानाला जाणवतो, त्यातला बराचसा याचा आहे. एवढं तरी त्याच्या खात्यावर मांडा.

मग ‘अंडरवॉटर वर्ल्ड’. अल्बममधलं सगळ्यात विचित्र आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं गाणं. इतर गाणी पळत असतात, हे तरंगतं. लय मध्यम, गिटार ओलसर, आणि मन्रो नेहमीसारखा ओरडत नाही, ओढून घेतो. या गाण्यात समुद्रात स्वागत, सागरात स्वागत करता करता ‘वेलकम टु द जंगल’ हे शब्द येतात. हे १९८४. याच नावाचं गाणं ज्यावर आहे तो गन्स अँड रोझेसचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ आला १९८७ मध्ये. चोरी म्हणून बोंब ठोकायची गरज नाही, शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. पण त्या गाण्याचा इतिहास सांगताना तुम्ही सिॲटल सांगता, न्यूयॉर्क सांगता, हेलसिंकी कुणी सांगत नाही.

आणि गन्सवाल्यांनी हे ऋण कधी लपवलं नाही. १९८९ च्या सुमारास हानोई रॉक्सचे जुने अल्बम अमेरिकेत पुन्हा निघाले, ते गन्सच्याच उझी सुइसाइड या लेबलवर. मन्रोच्या ‘डेड, जेल ऑर रॉक अँड रोल’च्या व्हिडिओत ॲक्सल रोझ आहे. ‘बॅड ऑब्सेशन’मधला माऊथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन मन्रोचा आहे. १९९३ च्या ‘द स्पॅगेटी इन्सिडेंट?’वर ‘एंट इट फन’ हे गाणं ॲक्सल आणि मन्रो मिळून गातात. आपल्याकडे या गाण्यांची पारायणं करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतला दुसरा आवाज कुणाचा, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात.

पहिली बाजू ‘डोंट यू एव्हर लीव्ह मी’वर संपते. हे गाणं त्यांच्या १९८१ च्या पहिल्या अल्बमवरही होतं, इथे नव्याने बांधलं. दोन्ही लागोपाठ ऐका, तीन वर्षांत हा बँड कुठून कुठे आला ते कळेल. दुसरी बाजू उघडते ‘मिलियन माइल्स अवे’ने. संथ, एकटं, घरापासून लांब असलेल्या माणसाचं गाणं. डिसेंबरनंतर त्याचा अर्थ बदलला आणि तो बदललेलाच राहिला, पण ते लिहिताना कुणाला काही माहीत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पॉवर बॅलड म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं, लायटर पेटवलेले, पंख्यासमोर केस उडतायत, तसलं यात काही नाही. त्याच्या पाठोपाठचं ‘बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स’ पुन्हा दामटून नेतं. ग्रीन डेच्या २००४ च्या त्याच नावाच्या गाण्याशी याचा काही संबंध नाही.

सगळंच सोनं आहे असं नाही. ‘बॉयलर’ हे गाणं बाईबद्दल ज्या स्वस्त भाषेत बोलतं, ते तेव्हाही स्वस्त होतं. ‘फ्युचुरामा’ झटकन येतं आणि जातं, लक्षात राहत नाही. पण दहा गाण्यांत एक वाईट आणि एक हलकं, हा हिशोब त्या वर्षाच्या कितीतरी लाखोंनी खपलेल्या अल्बमांपेक्षा बरा आहे.

वेळ तर साधलेली होती. क्वायट रायटचा ‘मेटल हेल्थ’ नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि हेवी मेटलच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं होतं. मॉट्ली क्रूचं ‘शाउट ॲट द डेव्हिल’ धडाक्याने चाललं होतं, रॅटचा ‘आउट ऑफ द सेलर’ १९८४ मध्ये आला, एमटीव्हीला रंगवलेले चेहरे हवेच होते. हानोई रॉक्स अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये मन्रोचा घोटा मोडला आणि पुढचे कार्यक्रम रद्द झाले. म्हणून बाकीची मंडळी लॉस एंजेलिसमध्ये रिकामी होती. रॅझल त्या पार्टीत होता तो असा.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही ती सांगूच नका असं मी म्हणत नाही. सांगा, पण सगळी सांगा. नीलच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.१७ निघालं, तेव्हाची कायदेशीर मर्यादा ०.१० होती. समोरच्या गाडीतली दोन माणसं गंभीर जखमी झाली. तुमच्या बहुतेक कार्यक्रमांत ती दोघं नसतातच. नीलला शिक्षा झाली ३० दिवसांच्या कैदेची, आणि तीही त्याला पूर्ण भोगावी लागली नाही. शिवाय पाच वर्षांचं प्रोबेशन, समाजसेवेचे तास आणि २६ लाख डॉलरची भरपाई. हे आकडे सांगितल्यावर श्रोत्याने काय ते ठरवावं. ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून गोष्ट पुढे ढकलली की ठरवण्यासारखं काही उरत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं हे दुर्दैव नव्हे, हे आपल्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून तुम्हालाही चांगलं ठाऊक आहे.

मॉट्ली क्रूने १९८५ चा ‘थिएटर ऑफ पेन’ रॅझलला अर्पण केला. हे तुम्ही आवर्जून सांगता. २००३ मध्ये त्याच बँडने आपल्या जुन्या अल्बमांचा संच काढला आणि त्याला नाव दिलं ‘म्युझिक टु क्रॅश युवर कार टु’. हे तुमच्यापैकी कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भागही आला. अर्पणपत्रिका सांगायची आणि हे गाळायचं, याला निवड म्हणतात, आणि निवड कुणाच्या बाजूने झाली ते उघड आहे.

हानोई रॉक्सचं पुढे काय झालं तेही ऐकवा. जानेवारी १९८५ मध्ये हेलसिंकीत क्लॅशचा टेरी चाइम्स ड्रमवर बसवून त्यांनी कार्यक्रम केले. मग सामी याफा सोडून गेला. त्याच वर्षी पोलंडमध्ये शेवटचा दौरा आणि संपलं. अमेरिकेच्या बाजारासाठी खास घडवलेला अल्बम हातात असताना तो तिथे विकायला बँडच उरला नाही. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमधून, जवळजवळ त्याच वेशात, दुसरे लोक जगभर गेले.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने पोचलं. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही १९९१ मध्ये घरात आला, तेव्हा हानोई रॉक्स बंद पडून सहा वर्षं झाली होती. गन्स, पॉयझन, बॉन जोव्ही आधी दिसले. त्याच हिवाळ्यात निर्वाणाही दिसला, आणि केस फुगवलेल्या सगळ्यांची थट्टा करायची रीतही त्याच पार्सलमधून आली. म्हणजे ज्यांना आपण धड ऐकलंच नव्हतं, त्यांना हसायला आपण आधी शिकलो. तुमच्यातले बरेच जण त्याच वयोगटातले आहेत, मीही आहे. ‘हेअर मेटल’ म्हणत डोळे मिचकावून विनोद करणं अजून चालू आहे, आणि त्या विनोदाच्या ढिगाखाली हा अल्बम दबलेला आहे. पॉयझनला हसा, माझी हरकत नाही. पण हसण्याआधी ‘अंडरवॉटर वर्ल्ड’ पूर्ण ऐका.

माझी मागणी फार मोठी नाही. येत्या डिसेंबरात रॅझलची गोष्ट सांगाल तेव्हा सुरुवात नीलच्या घरापासून नको, त्या लंडनच्या कार्यक्रमापासून करा, जिथे त्याने आत जाऊन स्वतःसाठी नोकरी मागितली. त्याचं पूर्ण नाव घ्या. जाताना त्याचं वय २४ होतं, वाढदिवसाला सहाच दिवस झाले होते, हे सांगा. समोरच्या गाडीतल्या दोघांचा उल्लेख करा. आणि नीलच्या पश्चात्तापाला जेवढा वेळ देता त्याच्या निम्मा वेळ ‘टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह’ला द्या. गाणी वाजवण्यात हक्कांची अडचण येते हे मला माहीत आहे. वाजवता येत नसतील तर नावं सांगा, ऐकणारे शोधतील. दिवाळी अंकवाल्यांना तर तीही अडचण नाही. ऐंशीच्या दशकावरचे तुमचे लेख मी दरवर्षी वाचतो. त्यांतली एक ‘अजरामर’ यादी कमी करून एका अल्बमवर चार पानं दिलीत तर अंकाचा खप कमी होणार नाही.

कुणाला हा लेख स्वतः लिहायचा नसेल तर मला कळवा, मी लिहून देतो. मानधनाचं नंतर बघू.

आपला,
एक नियमित श्रोता, पुणे

ता. क. – १९८२ च्या ‘सेल्फ डिस्ट्रक्शन ब्लूज’च्या मुखपृष्ठावर रॅझलचा फोटो आहे, पण त्यावरचे ड्रम त्याचे नाहीत. ती जुन्या ध्वनिमुद्रणांची जुळवाजुळव आहे आणि ड्रम जिप कॅसिनोचे आहेत. रॅझलचे ड्रम ऐकवताना या अल्बममधला तुकडा लावू नका. स्टुडिओतला रॅझल ‘बॅक टु मिस्टरी सिटी’ आणि ‘टू स्टेप्स’वर आहे, आणि मंचावरचा हवा असेल तर मार्की क्लबमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘ऑल दोज वेस्टेड इयर्स’वर.